एक टप्पा आऊट: स्क्रॅचच्या प्लॅटफॉर्म गेममध्ये बेसबॉल झेलायचा मिनी-गेम कसा बसवायचा

माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून गेम बनवायची मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा) प्लॅटफॉर्म गेम बनवला. मांजर धावतं, उड्या मारतं, नाणी गोळा करतं, काट्यांच्या खड्ड्यात पडलं की मरतं, नेहमीचंच. तिसऱ्या लेव्हलमध्ये त्याने एक निळं दार काढून ठेवलं होतं आणि त्या दारामागे काहीच नव्हतं. "मामा, इथे एक छोटा गेम टाकायचाय, पण मारामारीचा नको." मी बेसबॉल झेलायचा सुचवला, कारण मला वाटलं तासाभराचं काम आहे. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. त्या कुठे गेल्या ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे तुमचं एका संध्याकाळीत भागेल.

हा लेख ज्यांना स्क्रॅचमध्ये पात्र डावी-उजवीकडे पळवता येतं, उडी मारायला लावता येतं आणि व्हेरिएबल म्हणजे काय ते माहीत आहे, त्यांच्यासाठी आहे. त्यापुढचं काही येत नसलं तरी चालेल.

प्लॅटफॉर्म गेममध्ये मधेच असा झेलाझेलीचा खेळ घालायची पद्धत जुनीच. १९९३ च्या 'कर्बीज ॲडव्हेंचर'मध्ये राजा डीडीडी अंडी फेकतो आणि कर्बी ती तोंडात झेलतो. मधूनच बॉम्ब येतो, तो मात्र गिळायचा नाही. २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'मध्ये समुद्रकिनाऱ्यावर व्हॉलीबॉल आहे: १५ वेळा बॉल परतवला की एक पॉवर मून, १०० वेळा परतवला की दुसरा. त्या शंभरापायी कित्येकांनी कंट्रोलर आपटले असतील. दोन्हीकडे गंमत एकच आहे. बॉल वर असतो तेवढ्या वेळात आपण त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. बाकी सगळी सजावट.

सामान

स्क्रॅचच्या स्प्राइट (म्हणजे हलवता येणारी चित्रं) लायब्ररीत खेळांच्या गटात बेसबॉलचा चेंडू आहे, बॅटर आहे, आउटफिल्डर म्हणजे लांब उभा राहून झेलणाराही आहे. बॅकड्रॉपमध्ये बेसबॉलची मैदानंही मिळतात. चेंडू, बॅटर आणि मैदान घ्या. आउटफिल्डर मात्र घेऊ नका. मिनी-गेममध्ये शिरल्यावर आपलं मांजर गायब होऊन भलताच माणूस धावायला लागला तर खेळणाऱ्याला आपण दुसऱ्याच गेममध्ये आलो असं वाटतं. आपल्याच पात्राच्या कॉस्च्यूमची नक्कल करा आणि पेंट एडिटरमध्ये त्याच्या हातात तपकिरी ग्लोव्ह काढा. ग्लोव्ह वाजवीपेक्षा मोठा काढा. पुढे कळेल का.

आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट सांगावी लागते. क्रिकेटमध्ये विकेटकीपर सोडला तर सगळे उघड्या हाताने झेलतात. बेसबॉलमध्ये मैदानातल्या नऊही जणांच्या हातात ग्लोव्ह असतो. म्हणजे झेल म्हणजे पिशवीत आंबा पडल्यासारखा दिसला पाहिजे. ओंजळ पुढे केलेलं चित्र काढलंत तर तो क्रिकेटच वाटेल. चेंडू पांढरा, त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. माझ्या आईला हा आकडा फार आवडला. तुम्ही अर्थात दोन लाल कमानी काढा, त्या आकाराच्या चित्रात तेवढंच दिसतं.

आधी दार, मग बॉल

नवखे लोक सरळ बॉल उडवायला घेतात. आम्हीही तेच केलं आणि पहिली संध्याकाळ तिथेच गेली. बॉल छान उडत होता, पण मांजर मैदानातून खाली खाली पडत होतं आणि गेम ओव्हर होत होता. कारण साधं होतं: लेव्हलचे प्लॅटफॉर्म लपवले होते, पण मांजराला खाली ओढणारा फॉरएव्हर लूप (सतत फिरत राहणारा ब्लॉक) चालूच होता. पायाखाली काही नाही म्हटल्यावर ते पडणारच.

म्हणून पहिलं काम. "मोड" नावाचं एक व्हेरिएबल करा. त्याच्या दोनच किमती: लेव्हल आणि बॉल. हिरव्या झेंड्यावर ते "लेव्हल" करा. आता तुमच्या प्लॅटफॉर्म गेममधला प्रत्येक फॉरएव्हर लूप उघडा (शत्रू, नाणी, सरकणारे प्लॅटफॉर्म, सगळेच) आणि आतला मजकूर "इफ मोड = लेव्हल" या ब्लॉकमध्ये कोंबा. कंटाळवाणं काम आहे. एकही लूप राहिला तर मिनी-गेमच्या मधोमध कुठलातरी कासव चालत येईल आणि तुमचा जीव घेईल.

दाराच्या स्क्रिप्टमध्ये क्रम असा ठेवा. मांजर दाराला टेकलं आणि वरचा बाण दाबला तर: "परतएक्स" आणि "परतवाय" या व्हेरिएबलमध्ये मांजराची आत्ताची जागा लिहून ठेवा, लेव्हल सरकणारी असेल तर किती सरकली तेही लिहा, मग मोड "बॉल" करा, मग "मैदान सुरू" हा मेसेज ब्रॉडकास्ट करा. मैदान सुरू झालं की बॅकड्रॉप बदला, प्लॅटफॉर्म लपवा, मांजराला एक्स शून्यावर उभं करा. पाय जमिनीवर म्हणजे साधारण वाय उणे १४० वर टेकलेले दिसतील असं त्याचं वाय ठेवा. मैदानात मांजराला उडी नको, फक्त डावी-उजवी. दर फ्रेमला, म्हणजे लूपच्या दर फेरीला, ६ पिक्सेल हा वेग लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

वरचा बाण दाबायला लावणं गरजेचं आहे. आम्ही आधी नुसतं दाराला टेकलं की आत, असं केलं होतं. मैदानातून परत आलं की मांजर त्याच जागी, म्हणजे दाराला टेकूनच उभं. लगेच परत आत. भाच्याने चार वेळा आत-बाहेर करून शेवटी लॅपटॉपच मिटला.

कुठे पडणार ते आधी ठरवा

आता बॉल. पहिल्यांदा सुचतो तो मार्ग असा: बॉलला अमुक वेगाने वर आणि तमुक वेगाने उजवीकडे फेकायचं, मग तो जिथे पडेल तिथे पडेल. तसं करू नका. तसा बॉल कधी मांजराच्या डोक्यावर पडतो, कधी स्टेजच्या बाहेर जातो, आणि प्रत्येक वेळी आकडे चिवडत बसावं लागतं. उलटं करा. बॉल कुठे पडणार आणि किती वेळ हवेत राहणार हे आधी ठरवा. वेग त्यातून काढा.

स्क्रॅचचं स्टेज ४८० बाय ३६०. मधोमध शून्य, म्हणजे एक्स उणे २४० ते २४० आणि वाय उणे १८० ते १८०. लूप सेकंदाला ३० वेळा फिरतो. बॅटरला डावीकडे एक्स उणे २२० वर उभा करा. बॉल वाय उणे १०० वरून सुटेल आणि मांजराच्या ग्लोव्हची उंचीही उणे १०० धरू. सुटण्याची आणि झेलण्याची उंची एकच ठेवली की गणित दोन ओळींत संपतं:

वेगएक्स = (पडण्याची जागा + २२०) ÷ वेळ
वेगवाय = गुरुत्व × वेळ ÷ २

"वेळ" म्हणजे फ्रेमची संख्या. गुरुत्व ०.४ घ्या. समजा बॉल ६० फ्रेम, म्हणजे दोन सेकंद हवेत ठेवायचा आहे आणि एक्स ८० वर पाडायचा आहे. वेगएक्स झाला ३०० भागिले ६०, म्हणजे ५. वेगवाय झाला १२. बॉल किती उंच जाईल? वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व: १४४ भागिले ०.८, म्हणजे १८० पिक्सेल. उणे १०० मध्ये १८० मिळवले की वाय ८०. स्टेजच्या वरच्या भागात, छान दिसेल असा. दहावीत हे सूत्र पाठ केलं होतं तेव्हा त्याचा कुठे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

बॉलच्या स्प्राइटमध्ये "मारला" हा मेसेज आला की बॉलएक्स उणे २२० आणि बॉलवाय उणे १०० करा, "टप्पे" आणि "झेलला" ही व्हेरिएबल शून्य करा, मग वरचे दोन वेग काढा आणि एक रिपीट अनटिल लूप लावा. लूपच्या आत दर फ्रेमला:

वेगवाय ०.४ ने कमी करा
बॉलएक्स मध्ये वेगएक्स मिळवा
बॉलवाय मध्ये वेगवाय मिळवा
झेल झाला का ते तपासा
जमिनीला लागला का ते तपासा
बॉलला बॉलएक्स, बॉलवाय वर न्या

"टप्पे" दोन झाले किंवा "झेलला" एक झाला की लूप थांबेल. (अशा पद्धतीने बॉल हिशेबापेक्षा एखादी फ्रेम आधी खाली येतो. कुणालाही कळत नाही.)

बॉलएक्स आणि बॉलवाय ही वेगळी व्हेरिएबल कशाला, सरळ "चेंज वाय बाय" वापरलं तर? आमची दुसरी संध्याकाळ याच प्रश्नात गेली. स्क्रॅच कुठल्याही स्प्राइटला स्टेजच्या पूर्ण बाहेर जाऊ देत नाही, कडेला अडवतो. उंच मारलेला बॉल वरच्या कडेला चिकटला की त्याचं खरं वाय वाढतच नाही, पण वेग कमी होत राहतो. मग तो ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी खाली येतो आणि भलत्याच ठिकाणी पडतो. हिशेब व्हेरिएबलमध्ये ठेवला की चित्र कडेला अडलं तरी हिशेब अडत नाही. बॉलवाय १९० च्या वर गेलं की बॉल लपवा, खाली आलं की दाखवा.

पोचता आलं पाहिजे

पडण्याची जागा पिक रँडमने काढायची, पण वाटेल तशी नाही. मांजर दर फ्रेमला ६ पिक्सेल पळतं. बॉल मारल्यावर माणसाच्या डोक्यात ट्यूब पेटायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे ८ फ्रेम वजा करा. ६० फ्रेमच्या बॉलसाठी ५२ गुणिले ६, म्हणजे ३१२ पिक्सेल. अगदी काठोकाठ ठेवू नका, त्याच्या ८० टक्के धरा: २५०. मांजर आत्ता जिथे उभं आहे तिथून २५० पिक्सेलपेक्षा लांब बॉल पडता कामा नये. आणि ६० पेक्षा जवळही नको, नाहीतर जागचं हलावंच लागत नाही.

स्क्रॅचमध्ये असं करा: "पडणार" ला उणे १४० ते २१० मधला रँडम आकडा द्या, मग "पडणार वजा मांजराचा एक्स" याचं ॲब्स (उणे चिन्ह काढून उरलेला आकडा) ६० आणि "पोच" यांच्या मध्ये येईपर्यंत रिपीट अनटिलने पुन्हा पुन्हा काढत राहा. पोच = (वेळ − ८) × ४.८. हा ४.८ म्हणजे ६ चे ८० टक्के. हे सगळं बॅट बॉलला लागते त्या क्षणी करा, आधी नाही. बॅटर बॅट उगारत असताना मांजर इकडून तिकडे पळालेलं असतं.

बॅट उगारण्याचंही बघा. बॅटरचे कॉस्च्यूम एकामागून एक बदलायला अर्धा सेकंद द्या आणि मग फटका. फटक्याचा आवाज अगदी त्याच फ्रेमला हवा. खेळणारा डोळ्यांआधी कानांनी सावध होतो.

सावली

इथे थोडं थांबतो, कारण अख्ख्या मिनी-गेमचा जीव या एका काळ्या लंबगोलात आहे.

खऱ्या मैदानात लांब उभा असलेला खेळाडू उंच उडालेला बॉल कसा पकडतो, यावर शास्त्रज्ञांनी डोकं लावलंय. सेव्हिल चॅपमन यांनी १९६८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये दाखवलं की बॉल सरळ आपल्या रेषेत येत असेल आणि आपण बरोबर जागी उभे असू, तर बॉलकडे बघण्याच्या कोनाचा टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढत जातो. वाढ मंदावली तर बॉल पुढे पडणार, पुढे धावा. वाढ वेगाने झाली तर डोक्यावरून जाणार, मागे पळा. बॉल सरळ अंगावर न येता बाजूला उडाला तर काय, यावर १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये मॅकबीथ, शेफर आणि कायझर यांनी वेगळी मांडणी केली. मुद्दा असा की खेळाडू मनात पॅराबोला काढत बसत नाही. बॉल डोळ्यांना कसा सरकताना दिसतो त्यावरून तो पाय हलवत राहतो.

आपल्या गेममध्ये ही सगळी खूण नाहीशी होते. खेळणारा मांजराच्या डोळ्यांनी बघतच नाही, तो बाजूने बघतोय, गॅलरीत बसल्यासारखा. कोन नाही, काही नाही. त्या बदल्यात त्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते म्हणजे सावली.

एक नवा स्प्राइट करा: चपटा काळा लंबगोल, घोस्ट इफेक्ट (म्हणजे पारदर्शकपणा) ५०. दर फ्रेमला त्याला बॉलएक्स आणि वाय उणे १४५ वर न्या. आकार १०० − (बॉलवाय + १४०) ÷ ५ ठेवा. बॉल वर गेला की सावली लहान होईल, खाली येऊ लागला की मोठी. एवढं केलं की खेळ एकदम खेळण्यासारखा होतो. विश्वास बसत नसेल तर सावली लपवून दहा बॉल खेळून बघा.

पहिल्या दोन-तीन बॉलना आणखी एक मदत द्या: बॉल पडणार तिथे जमिनीवर एक पिवळी फुली. चौथ्या बॉलपासून ती काढून घ्या. फुली शेवटपर्यंत ठेवली तर खेळ उरत नाही, फुलीवर जाऊन उभं राहायचं काम उरतं. मला तर ती दुसऱ्या बॉललाही नकोशी वाटते, पण भाचा म्हणाला लहान मुलांना हवी. राहू दिली.

झेल

झेल कधी झाला म्हणायचं? "टचिंग" ब्लॉक वापरायचा मोह होईल. नको. तो प्रत्यक्ष रंगवलेल्या पिक्सेलवर चालतो, त्यामुळे धावतानाच्या एका कॉस्च्यूममध्ये हात मागे असला की डोळ्यांदेखत ग्लोव्हमधून बॉल निसटतो आणि खेळणारा योग्य तेच म्हणतो: "लागला होता!" अट आकड्यांत लिहा:

वेगवाय शून्याहून कमी
बॉलवाय उणे ११५ आणि उणे ८५ च्या मध्ये
(बॉलएक्स − मांजराचा एक्स) याचं ॲब्स ३० पेक्षा कमी

पहिली अट नसेल तर बॅटरच्या शेजारी जाऊन उभं राहिलेला शहाणा प्रत्येक बॉल बॅटवरूनच उचलेल. दुसऱ्या अटीतला पट्टा ३० पिक्सेलचा आहे आणि बॉल खाली येताना साधारण १२ च्या वेगाने येतो, म्हणून तो दोन-तीन फ्रेम पट्ट्यात सापडतोच. पट्टा १० चा ठेवलात तर बॉल एका फ्रेमला वर, पुढच्या फ्रेमला खाली, आणि मधे कधी होता ते स्क्रॅचला कळतच नाही. तिसऱ्या अटीतला ३० हा आकडा उदार आहे. उदारच ठेवा, आणि मोठा ग्लोव्ह काढायला सांगितलं ते यासाठी: आकड्यांतली सूट चित्रात दिसली पाहिजे. थोडक्यात सुटलेला झेल "मिळाला" म्हणून मोजला तर कुणी तक्रार करत नाही. मिळालेला झेल सुटला म्हणून मोजलात तर तुमच्या गेमचं नाव खराब.

झेलायला बटण दाबायला लावायचं की नाही? पहिल्या आवृत्तीत नको. जमायला लागलं की स्पेसबार जोडा. "झेलवेळ" नावाचं व्हेरिएबल सुरुवातीला उणे १२ ठेवा. ते उणे १२ असतानाच स्पेस दाबला तर ८ करा; नंतर दर फ्रेमला एकने कमी, उणे १२ वर थांबवा. झेलाच्या अटींत "झेलवेळ शून्याहून जास्त" ही चौथी अट घाला. बॉल येण्याच्या किंचित आधी दाबलं तरी झेल मिळतो, पण स्पेस बडवत बसलात तर बहुतेक वेळ तुमचा हात "थकलेला" असतो.

एक टप्पा

आमच्या गल्लीत भिंतीच्या आत बॉल असला तर एक हाताने, एक टप्पा, आऊट. भाच्याच्या सोसायटीत अजून हाच नियम आहे, आणि त्याने तो गेममध्ये टाकायचा हट्ट धरला. मी म्हटलं, बेसबॉलमध्ये असं नसतं. मग शोधलं तर गंमत निघाली: बेसबॉलमध्ये असंच होतं! सुरुवातीच्या काळात एका टप्प्यानंतर पकडलेल्या बॉललाही बॅटर बाद व्हायचा. मैदानात पडलेल्या बॉलसाठी तो नियम १८६५ च्या हंगामापासून गेला. तेव्हा आमचा गेम गल्लीचाही आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचाही.

करायला सोपं. लूपमध्ये बॉलवाय उणे १४० च्या खाली गेलं की ते उणे १४० करा, वेगवायला उणे ०.५ ने गुणा, वेगएक्सला ०.५ ने गुणा, टप्पे एकने वाढवा. ६० फ्रेमचा बॉल जमिनीवर आपटून साधारण ५५ पिक्सेल उसळतो, म्हणजे पुन्हा ग्लोव्हच्या पट्ट्यात येतो. थेट झेलाला दोन गुण, एक टप्प्याला एक. दुसरा टप्पा पडला की सुटला. तीन सुटले की खेळ संपला.

या एका नियमाने नवख्यांचा राग निम्मा होतो, कारण चुकीच्या अंदाजानंतरही अर्ध्या-एक सेकंदाची दुसरी संधी असते. आणि ती संधी घ्यायला जे धावत सुटतात ना, ते बघायला मजा येते.

दहा बॉल

कठीण करायचं म्हणजे बॉल उंच मारायचा असं सगळ्यांना वाटतं. एकच गुरुत्व असेल तर उंच बॉल जास्त वेळ हवेत, म्हणजे सोपा. अवघड तो सपाट. पहिले तीन बॉल वेळ ७० ने, फुलीसकट. पुढचे तीन ६० ने, फक्त सावली. सात ते नऊ ५० ने. हवं तर एखादा ४५ चा, तो जेमतेम १०० पिक्सेल वर जातो आणि आला म्हणेपर्यंत आलेला असतो. पोच वेळेवरून काढलेली असल्यामुळे अशक्य बॉल कधीच पडत नाही, वेगळं काही सांभाळावं लागत नाही.

दहावा बॉल ८० चा. हा ३२० पिक्सेल वर जातो, म्हणजे वाय २२०, स्टेजच्या बाहेर. जवळजवळ एक सेकंद बॉल दिसतच नाही, जमिनीवर फक्त लहानशी सावली सरकत राहते. वेळ भरपूर असते, पण बॉल दिसत नसला की माणसाचा धीर सुटतो. गावसकरांच्या जमान्यातली कॉमेंटरी आठवणाऱ्यांना इथे "चेंडू उंच... उंच..." ऐकू येईल.

बक्षीस: दहा गुणांना एक जादा जीव, वीसच्या वीसला सोनेरी ग्लोव्हचा कॉस्च्यूम. पुढच्या लेव्हलला जायला हा खेळ जिंकण्याची अट मात्र ठेवू नका. ज्याला उड्या मारायच्यात त्याला झेलाच्या दारात अडकवून ठेवण्यात काय अर्थ? संपल्यावर "परत" ब्रॉडकास्ट करा, परतएक्स आणि परतवाय वर मांजर न्या, प्लॅटफॉर्म दाखवा, आणि मोड "लेव्हल" हे सगळ्यात शेवटी करा. ते आधी केलंत तर प्लॅटफॉर्म दिसायच्या आत मांजर पुन्हा पडायला लागेल.

स्क्रॅच सोडून गोडो (Godot) या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरकडे जाणार असाल तर सूत्रं हीच, पण तिथे वेळ सेकंदांत मोजा. आपलं ०.४ तिथे सेकंदाच्या हिशेबाने ३६० होतं (०.४ गुणिले ३० गुणिले ३०), आणि गोडोमध्ये वाय खाली वाढतो, त्यामुळे वर जाणारा वेग उणे. गोडोचं मूळचं ९८० गुरुत्व तसंच ठेवलंत तर तेवढ्याच उंचीचा बॉल फार लवकर खाली येईल.

खेळायला द्या, गप्प बसा

झाल्यावर गेम अशा माणसाला द्या ज्याने तो बनताना पाहिला नाही, आणि तोंड बंद ठेवा. "आता डावीकडे पळ" असं एकदा जरी म्हणालात तरी चाचणी वाया गेली. आम्ही माझ्या आईला दिला. तिला मांजर म्हणजे आपण एवढंच सांगितलं आणि बाण दाखवले. पहिला बॉल तिच्या मागे पडला, दुसरा टप्प्यावर मिळाला, मग सलग चार झेल. दहाव्याला बॉल वर गायब झाला तेव्हा ती अजिबात गडबडली नाही, सावकाश चालत गेली आणि पकडला. भाच्याने विचारलं, आजी, बॉल दिसत नव्हता तरी कसं कळलं?

"बॉलकडे कोण बघतंय? मी त्या काळ्या ठिपक्यामागे जात होते."

दुसऱ्या दिवशी त्याने सावलीचा घोस्ट इफेक्ट ५० वरून ७५ केला.